अपडेटनंतर लिनक्सवर डेस्कटॉप येतच नाही, नुसती काळी स्क्रीन. फॉरमॅट न करता परत येईल का?

अक्षरवेल (सोमवार, रात्री १०:४०)
नमस्कार मंडळी. मी मिरजेत घरूनच डीटीपीची कामं करते, लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, वास्तुशांतीची निमंत्रणं वगैरे. डेस्कटॉप जुना आहे. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला तेव्हा नवीन मशीन घ्यायच्याऐवजी भाच्याने त्यावर लिनक्स मिंट २२ टाकून दिलं, तेव्हापासून इंकस्केपवर सगळं काम चाललंय आणि मला ते मनापासून आवडलंय.

काल संध्याकाळी अपडेट मॅनेजरने अपडेट दाखवले, मी सुरू केले आणि कुकर लावायला आत गेले, तेवढ्यात लाइट गेली. लाइट आल्यावर चालू केलं तर मिंटचा लोगो येतो, जातो, आणि वर डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकत राहते, बाकी सगळं काळं. भाचा आला, अर्धा तास फोनवर व्हिडिओ बघून काहीबाही टाइप केलं, आता ती रेघही नाही, काळ्या स्क्रीनवर नाव आणि पासवर्ड विचारतं आणि दिल्यावर परत तिथेच थांबतं, चित्र नाही, माउस नाही.

ज्यांच्याकडून मशीन घेतलं ते म्हणतात फॉरमॅट मारा. पण आत चारशे पत्रिकांची फाइल आहे, गुरुवारी द्यायच्यात. नवरीच्या वडिलांनी तीनदा प्रूफ बघून परवाच पास केली. पेनड्राइव्हवर जुनी प्रत आहे पण तिच्यात दोन्ही मामांची नावं नाहीत. कुणी सांगेल का, आधी फाइल कशी काढू आणि मग डेस्कटॉप कसा आणू?

घाटमाथा
ताई, फॉरमॅट अजिबात करू नका. नाव-पासवर्ड विचारतंय आणि आत घेतंय म्हणजे मशीन नीट सुरू होतंय, तुमच्या फायली जागच्या जागी आहेत, फक्त पडदा उघडत नाहीये. पासवर्ड दिल्यावर शेवटी डॉलरचं चिन्ह दिसतं का? त्याच्यापुढे कमांड टाइप करायच्या. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

पहिली: डीएफ -एच (डिस्कवर किती जागा उरलीये ते सांगते)
काय येतं ते जसंच्या तसं इथे सांगा.

कोकणकडा
माझा अनुभव सांगतो, अपडेटमध्ये नवीन कर्नल (लिनक्सचा गाभा) आला असणार. चालू करताना शिफ्ट दाबून धरा (नवीन यूईएफआयवाल्या मशीनवर एस्केप), ग्रबचा मेनू (काय सुरू करायचं ते विचारणारा) येईल, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. दहापैकी नऊ वेळा डेस्कटॉप येतो. लॉग वाचत बसण्यापेक्षा हे आधी करा.

अक्षरवेल
घाटमाथा दादा, डॉलरचं चिन्ह आहे. पण मी मशीन मराठीत ठेवलंय, त्यामुळे मेसेजच्या जागी सगळे चौकोन येताहेत, एक अक्षर वाचता येत नाही. डीएफच्या उत्तरात फक्त आकडे कळतात. फोटो काढलाय पण त्यातही चौकोनच.

निळीशाई
ताई, हा त्रास मला पण झाला होता, मीही मराठीतच ठेवते. आधी हे टाइप करा:
एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी
(एलसी, ऑल आणि सी तिन्ही कॅपिटलमध्ये, बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको.) मग सगळे मेसेज इंग्रजीत येतील. लॉगआउट केलं की हे जातं, परत आत आल्यावर परत द्यावं लागतं.

कारण असं की त्या काळ्या कन्सोलचा फॉन्ट जास्तीत जास्त ५१२ आकृत्यांचा असतो आणि काना-मात्रा-जोडाक्षरं जुळवायची सोयच त्यात नाही. डेस्कटॉपवर ते काम वेगळा प्रोग्राम करतो, इथे तो नसतो. म्हणजे तुमची भाषा बिघडलेली नाही, डेस्कटॉप आला की सगळं मराठीत परत दिसेल. अडचणीच्या वेळी आपल्या भाषेत मेसेज वाचता येऊ नये याचं मला खरंच वाईट वाटतं.

अक्षरवेल (मंगळवार, सकाळी ७:१५)
निळीशाई ताई, धन्यवाद, आता इंग्रजी येतंय! डीएफचं उत्तर लिहिते, मुख्य ओळ अशी: साइज १०९ जी, यूज्ड १०४ जी, अव्हेल ०, यूज १००%. पुढे नुसती एक तिरकी रेघ.

पण मला हे कळलं नाही, १०९ मधून १०४ गेले तर ५ उरायला हवेत ना, मग अव्हेल शून्य कसं?

घाटमाथा
सापडलं ताई. डिस्क भरलीये. आणि तुम्ही विचारलेला प्रश्न अगदी नेमका आहे, काळ्या स्क्रीनचं उत्तर त्यातच आहे.

मिंट साधारणपणे ईएक्सटी४ प्रकारात डिस्क फॉरमॅट करतं आणि त्यात ५ टक्के जागा फक्त रूटसाठी (मशीनचा पूर्ण ताबा असलेल्या मुख्य यूजरसाठी) राखून ठेवलेली असते. १०९ चे ५ टक्के म्हणजे साडेपाचच्या आसपास, तेवढी जागा तुम्हाला किंवा दुसऱ्या कुठल्याही साध्या यूजरला मिळत नाही. एसटीत राखीव सीट रिकामी दिसते पण आपल्याला बसता येत नाही, तसं. आता बघा, मिंटमध्ये लॉगिनची खिडकी दाखवतो तो लाइटडीएम. तो स्वतः रूट म्हणून चालतो, पण ती खिडकी काढणारा जो ग्रीटर आहे तो लाइटडीएम नावाच्याच साध्या यूजरच्या नावाने चालतो. त्याला आपल्या दोन-चार बारक्या फायली लिहायला जागा लागते, ती मिळाली नाही की तो उठतो आणि लगेच पडतो. काळ्या कन्सोलवर मात्र लॉगिन होतं, कारण तिथे काहीच लिहावं लागत नाही.

कोकणकडा
बरोबर आहे, मी कर्नल म्हणालो ते मागे घेतो. डिस्क भरली असेल तर जुन्या कर्नलनेही तेच झालं असतं.

सातपुडा
मिंटमध्ये टाइमशिफ्ट असतं ना, सिस्टिमच्या त्या-त्या दिवसाच्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, ठेवणारं? ताई, भाच्याने स्नॅपशॉट चालू केले असतील तर थेट अपडेटच्या आधीच्या स्नॅपशॉटवर जा. सुडो टाइमशिफ्ट --रिस्टोअर (सुडो म्हणजे रूटच्या हक्काने). पंधरा मिनिटांत सगळं कालच्यासारखं. मी हेच करतो दरवेळी, बाकी काही बघतच नाही.

निळीशाई
@सातपुडा थांबा थांबा. ताई, हे अजून करू नका! आधी सांगा, टाइमशिफ्टमध्ये होम फोल्डरला (तुमच्या स्वतःच्या फायली असतात त्याला) टिक केलेली आहे का? मुळात ती नसते, पण बरेच जण "फायलीही सुरक्षित राहतील" म्हणून करतात. तशी टिक असेल तर रिस्टोअर केल्यावर होमही जुन्या तारखेला जाईल, आणि परवा पास झालेली पत्रिका मामांच्या नावांसकट जाईल. आधी फाइल बाहेर काढा, मग बाकीचं.

सातपुडा
अरे हो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. माझं होम वेगळ्या पार्टिशनवर असतं म्हणून मला कधी फटका बसला नाही. ताई, निळीशाईंचं ऐका.

अक्षरवेल
टिक केलेली आहे. मीच सांगितलं होतं भाच्याला, माझी कामं पण त्यात ठेव म्हणून. बाप रे, रिस्टोअर मारलं असतं तर...

फाइल कशी काढू? फाइलचं नाव पण देवनागरीत आहे, "जोशी-पाटील पत्रिका अंतिम". ते टाइप करता येत नाही आणि एलएस केलं की \३४०\२४४ असले आकडे येतात.

घाटमाथा
घाबरू नका. देवनागरीची बहुतेक सगळी अक्षरं यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटची असतात आणि त्यांची सुरुवात \३४०\२४४ किंवा \३४०\२४५ ने होते. तुम्हाला आकडे दिसताहेत तीच तुमची पत्रिका आहे, नाव शाबूत आहे.

नाव टाइप करायची गरजच नाही, प्रकारावरून आणि तारखेवरून शोधू. पेनड्राइव्ह लावा आणि:
१. एलएसबीएलके – यादीत पेनड्राइव्हच्या साइजची ओळ बघा, बहुतेक एसडीबी१ असेल. नसेल तर पुढे एसडीबी१ च्या जागी तुमचं नाव.
२. सुडो माउंट -ओ यूटीएफ८ /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी – यूटीएफ८ विसरू नका, नाहीतर पेनड्राइव्हवर देवनागरी नावं बिघडतात.
३. सुडो फाइंड /होम -नेम '*.एसव्हीजी' -एमटाइम -७ -एक्झेक सीपी -व्ही {} /एमएनटी \;
म्हणजे गेल्या सात दिवसांत बदललेल्या सगळ्या इंकस्केप फायली पेनड्राइव्हवर.
४. सिंक, आणि ते संपलं की सुडो यूमाउंट /एमएनटी. अनमाउंट नाही, यूमाउंट, मधला एन नाही.

मग पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, आणि मगच पुढे.

मांडवीकाठ
चौथ्या पायरीवर घाई नको ताई. आमच्या पणजीच्या ऑफिसात एकाने सिंक न करता पेनड्राइव्ह ओढली होती, फाइल दिसत होती पण आत शून्य बाइट.

अक्षरवेल (मंगळवार, दुपारी १:०५)
मिळाली!!! शेजारच्या ताईंच्या लॅपटॉपवर उघडून बघितली, मामांची नावं आहेत, मुहूर्त आहे, खालची "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" ही ओळ पण आहे. डोळ्यात पाणी आलं हो. एकूण अकरा फायली आल्या. आता बाकी काहीही झालं तरी काम अडणार नाही.

वऱ्हाडी_पेंग्विन
वा ताई, मस्त! आता पत्रिका आम्हालाही पाठवा, चारशे एक छापा.

बरं मंडळी, धागा चालू आहे तर माझं पण विचारून घेतो. माझ्या मशीनवरही अपडेटनंतर काळीच स्क्रीन येऊन राहिली, डिस्क ४० टक्केच भरली आहे. वेगळं ग्राफिक कार्ड आहे अन त्याचा कंपनीचा ड्रायव्हर टाकलेला आहे. जुन्या कर्नलवर गेलो की येते, नव्यावर नाही. काय करावं बाप्पा?

कोकणकडा
हा माझा प्रांत. तुमचा ड्रायव्हर कर्नलचा भाग नाही, तो बाहेरून येतो आणि दर नव्या कर्नलसाठी परत बांधावा लागतो, ते काम डीकेएमएस करतं. बांधायला त्या कर्नलचे हेडर (बांधणीसाठीच्या फायली) लागतात. जुन्या कर्नलवरून डीकेएमएस स्टेटस द्या, नव्या कर्नलच्या नावापुढे "इन्स्टॉल्ड" दिसत नसेल तर त्याचे लिनक्स-हेडर्स टाका आणि सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल.

"इन्स्टॉल्ड" दिसत असेल तरी स्क्रीन येत नसेल तर सिक्युअर बूट बघा: मोकयूटिल --एसबी-स्टेट. ते चालू असेल तर सही नसलेला मॉड्यूल (म्हणजे असा बाहेरचा ड्रायव्हर) कर्नल आत घेत नाही. ड्रायव्हर टाकताना पासवर्ड ठरवायला सांगतं आणि पुढच्या रीबूटला निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल करायचं असतं. ती दहाच सेकंद थांबते, कुणी कंटिन्यू दाबतं, कुणाचं लक्षच नसतं, आणि सही नोंदवायची राहून जाते.

नुसतं आज काम भागवायचं असेल तर ग्रबमध्ये ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा आणि एफ१०. चित्र जाडंभरडं येईल पण येईल.

घाटमाथा
अक्षरवेल ताई, आपण आता डिस्क मोकळी करू. सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट देऊन किती स्नॅपशॉट आहेत ते सांगा.

अक्षरवेल
नऊ आहेत. मी मोठमोठे स्कॅन काम झालं की डिलीट करते, कचरापेटी पण रिकामी करते, तरी जागा कशी भरली हेच मला कळत नव्हतं.

निळीशाई
तुम्ही डिलीट करता पण होमला टिक असल्यामुळे स्नॅपशॉटमध्ये ते स्कॅन जिवंत राहतात. न बदललेली फाइल टाइमशिफ्ट परत कॉपी करत नाही, दोन्ही स्नॅपशॉट एकाच प्रतीकडे बोट दाखवतात. म्हणून एक फाइल तेव्हाच खऱ्या अर्थाने जाते जेव्हा तिच्याकडे बोट दाखवणारा शेवटचा स्नॅपशॉट जातो.

सातपुडा
मग आरएम -आरएफ /टाइमशिफ्ट, एका फटक्यात काम.

घाटमाथा
नको. आरएम -आरएफ मध्ये एक स्पेस चुकली की काय होईल ते सांगायला नको, आणि समोर काळ्या स्क्रीनवर घाबरलेलं माणूस आहे. टाइमशिफ्टच्याच कमांडने जुने काढा: सुडो टाइमशिफ्ट --डिलीट --स्नॅपशॉट आणि पुढे यादीतलं नाव. सगळ्यात जुन्यापासून सुरुवात करा, शेवटचा एक ठेवा. मग सुडो ॲप्ट क्लीन, त्याने डाउनलोड झालेल्या पॅकेजच्या फायली जातात.

जागा झाली की लाइट गेल्याने अर्धवट राहिलेलं अपडेट पूर्ण करायचं:
सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
नेट लागेल. कन्सोलवर वायफाय चालू नसेल तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा आपोआप जोडलं जातं.

मांडवीकाठ
जुने दिवस आठवले. २००३ साली रेड हॅट ९ वर हेच करायचो, तेव्हा /ईटीसी/इनिटटॅब मध्ये एक ओळ असायची, आयडी:५:इनिटडिफॉल्ट. ५ असेल तर चित्र, ३ असेल तर काळी स्क्रीन. माझ्या सरांनी वहीत लिहून दिलं होतं, "पाच म्हणजे पडदा". आता सिस्टिमडी (मशीन चालू होताना बाकीचे प्रोग्राम उठवणारं) आलं, उबुंटूत ते २०१५ ला १५.०४ पासून मूळचंच झालं, आणि आकड्यांच्या जागी टार्गेट आली. पण कल्पना तीच.

वऱ्हाडी_पेंग्विन
कोकणकडा भाऊ, हेडरच नव्हते! टाकून राहिलो आता.

अक्षरवेल (मंगळवार, रात्री ९:३०)
आठ स्नॅपशॉट काढले, एकेकाला बराच वेळ लागला. आता डीएफ म्हणतं ३८ टक्के. डीपीकेजीने पंचवीस-तीस ओळी भराभर वर सरकवल्या, कुठे एरर दिसली नाही. दुसऱ्या कमांडने काहीच बदलायचं नाही म्हणून सांगितलं.

मग रीबूट केलं. आणि परत तीच काळी स्क्रीन, नाव विचारतेय. आता काय राहिलं?

घाटमाथा
आत या आणि हे द्या: सुडो सिस्टिमसीटीएल स्टार्ट लाइटडीएम

अक्षरवेल
आला!! डेस्कटॉप आला, मराठी आलं, सगळं जागेवर! पण दर वेळी हे टाइप करायला लागणार का?

मांडवीकाठ
नाही लागणार, आणि मला वाटतं उत्तर माझ्या इनिटटॅबच्या गोष्टीतच आहे. ताई, टर्मिनल उघडा आणि सिस्टिमसीटीएल गेट-डिफॉल्ट द्या. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं की आधी रेघ लुकलुकत होती आणि भाच्याने काहीतरी केल्यावर नाव विचारायला लागलं. ते माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. डिस्क भरली म्हणून रेघ आली हे पटतं, पण रेघ जाऊन सरळ लॉगिन यायला दुसरं काहीतरी झालं असणार.

अक्षरवेल
मल्टी-यूजर.टार्गेट असं आलं. भाच्याला फोन केला, तो म्हणाला, "हो मावशी, टर्मिनल मिळावं म्हणून व्हिडिओत बघून ते सेट केलं होतं, परत बदलायचं राहिलं." बिचारा मदतच करत होता, सकाळी क्लासला जायचं होतं तरी अकरापर्यंत बसला होता.

मांडवीकाठ
भाच्याला शाबासकी द्या, त्याने लॉगिन मिळवून दिलं म्हणून तर आपण आत शिरलो. आता एवढंच:
सुडो सिस्टिमसीटीएल सेट-डिफॉल्ट ग्राफिकल.टार्गेट
आणि रीबूट.

मल्टी-यूजर म्हणजे जुना ३, ग्राफिकल म्हणजे जुना ५. सेट-डिफॉल्ट खरं तर फक्त एक दुवा बदलतं, /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम मधला डिफॉल्ट.टार्गेट. चालू करताना सिस्टिमडी तो दुवा बघतं आणि तिथपर्यंतच्या गोष्टी उठवतं. मल्टी-यूजर असेल तर लाइटडीएमला कुणी हाकच मारत नाही. म्हणून हाताने सुरू केल्यावर तो निमूट आला.

निळीशाई
किती छान उकललं. दोन वेगवेगळे बिघाड एकावर एक बसले होते, म्हणून पहिला काढला तरी स्क्रीन काळीच.

अक्षरवेल (बुधवार, सकाळी ६:५०)
रीबूट केलं. लोगो आला, मग लॉगिनची खिडकी, मग माझा डेस्कटॉप, मागे पंचगंगेच्या घाटाचा फोटो. मुलीला उठवून दाखवलं. छपाईला आत्ता फाइल पाठवली, उद्या संध्याकाळपर्यंत चारशे पत्रिका हातात येतील.

टाइमशिफ्टमधली होमची टिक काढली, स्नॅपशॉट दोनच ठेवायला सांगितले. कामाच्या फायली आता रोज रात्री पेनड्राइव्हवर कॉपी करतेय. एक विचारू का, अपडेटच्या वेळी लाइट गेली तर कॉम्प्युटर वीस मिनिटं तरी चालेल असा यूपीएस घ्यायचा तर किती व्हीएचा बघू? मॉनिटर १९ इंची आहे.

कोकणकडा
ताई, साध्या डेस्कटॉपला ६०० व्हीएवाला दहा-पंधरा मिनिटं निभावतो, वीस हवी असतील तर १००० चा बघा. प्रिंटर मात्र त्यावर लावू नका, विशेषतः लेझर असेल तर, तो तापताना एकदम खूप करंट ओढतो.

वऱ्हाडी_पेंग्विन
माझंही झालं! हेडर टाकले, ऑटोइन्स्टॉल केलं, मग निळी स्क्रीन आली अन या खेपेला एनरोल केलं. नव्या कर्नलवर चित्र येऊन राहिलं.

अक्षरवेल (गुरुवार, रात्री ८:२०)
पत्रिका गेल्या. नवरीच्या वडिलांनी तिथेच उभं राहून मामांची नावं वाचली आणि पेढे दिले. भाच्याने या धाग्यातल्या सगळ्या कमांड वहीत उतरवून घेतल्यात, इंग्रजी अक्षरांत, शेजारी मराठीत अर्थ. पहिल्या पानावर डीएफ -एच.